आयरिश साहित्य वाचायचंय? मांजरापासून सुरुवात करा

माझी सुरुवात चुकली होती. एका दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या आवेशानं जेम्स जॉइसचं ‘युलिसिस’ हातात घेतलं. तिसऱ्या प्रकरणात स्टीफन नावाचा तरुण सँडीमाउंटच्या समुद्रकाठच्या वाळूवरून चालतो, तिथे माझी गाडी रुतली ती रुतलीच. पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं आणि ‘आयरिश साहित्य आपल्याला झेपत नाही’ असा शिक्का मी स्वतःवरच मारून घेतला. दोन-तीन वर्षांनी एका जुन्या, आठ कडव्यांच्या कवितेमुळे मागच्या दारानं आत शिरलो आणि मग बाहेर यायला तयार होईना.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हाच मागच्या दाराचा रस्ता सांगतो. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आयरिश साहित्य दोन भाषांत आहे. शॉ, वाइल्ड, येट्स, जॉइस ही आपल्याला बी.ए.च्या अभ्यासक्रमातून ठाऊक असलेली मंडळी इंग्रजीतली. त्यांच्या आधी हजारभर वर्षं आयरिश भाषेत लिहिलं जात होतं. हे जुनं लेखन आपल्यापर्यंत पोचलं ते हस्तलिखितं उतरवून काढणाऱ्या साधूंच्या, तोंडपाठ म्हणणाऱ्या बायकांच्या आणि भाषांतर करणाऱ्या विद्वानांच्या हातून. त्यामुळे काय लिहिलंय हे बघताना कोणी उतरवून घेतलंय हेही बघायचं. ही एक सवय लागली की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली पायरी: एक मांजर आणि एक वादळी रात्र

नवव्या शतकात युरोपातल्या एका मठात राहणाऱ्या आयरिश साधूनं आपल्या अभ्यासाच्या वहीत मांजरावर कविता लिहिली. वही आज ऑस्ट्रियातल्या सांक्ट पॉलच्या मठात आहे. मांजराचं नाव पांगुर बान. ‘बान’ म्हणजे पांढरा. मूळ पहिलं कडवं कानाला असं लागतं: ‘मेस्से ओकुस पांगुर बान…’ मी माझ्या वहीत त्याचं मराठी असं केलं होतं:

मी आणि पांगुर बान,
ज्याची त्याची कला ज्याला;
त्याचं मन शिकारीत,
माझं माझ्या कामात.

पुढे मांजर भिंतीवर नजर लावून बसतं, साधू पुस्तकावर. मांजराच्या पंजात उंदीर सापडला की ते खूश, अवघड वाक्याचा अर्थ लागला की साधू खूश. एका खोलीत दोघं, आणि कुणाचा कुणाला अडथळा नाही. बस, एवढंच. मूळ शब्द थोडे कुरतडून बघितले तर आणखी गंमत आहे. ‘मन’साठी इथे ‘मेन्मा’ हा शब्द आलाय आणि ‘कला’साठी ‘दान’. पहिला आपल्या ‘मन’चा दूरचा भाऊबंद, दुसरा आपल्या ‘दान’चा. देणगी, मग अंगची कला, मग कविता, असा त्या ‘दान’चा आयरिशमध्ये प्रवास झाला. अकराशे वर्षांपूर्वीच्या परक्या वहीत आपलं ‘मन’ सापडलं, तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली होती.

आता काम करायचं ते असं. या कवितेची दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवा: रॉबिन फ्लॉवर यांचं यमकातलं आणि कुनो मायर यांचं साध्या गद्यातलं. दोन्ही इंटरनेटवर सहज मिळतात. यमक जुळवताना फ्लॉवरनी कुठे शब्द घातले, कुठे काढले, हे पेन्सिलीनं खुणा करत बघा. मग एक कडवं स्वतः मराठीत करा. वाईट झालं तरी चालेल, वही आपलीच आहे.

दुसरी कविता याहून लहान, चारच ओळींची. लॅटिन व्याकरणाच्या एका हस्तलिखिताच्या समासात ती लिहिलेली आहे आणि हस्तलिखित स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनला आहे. आज रात्री वारा बोचरा आहे, समुद्राचे पांढरे केस पिंजारतोय, म्हणून लोथलिंडच्या दांडग्या योद्ध्यांची मला भीती नाही, एवढाच मजकूर. योद्धे म्हणजे व्हायकिंग, उत्तरेकडून जहाजांनी येणारे लुटारू. अशा हवेत त्यांची जहाजं निघत नाहीत, तेव्हा वादळ म्हणजे सुखाची झोप. त्याच हस्तलिखितात दुसऱ्या एका पानाच्या कडेला ओघम या रेघारेघांच्या जुन्या लिपीत एकच शब्द खरडलेला आहे. त्याचा अर्थ साधारण ‘काल रात्रीच्या दारूनं मेलो’ असा लावतात. स्विस मंडळींनी पानांची छायाचित्रं मोफत ठेवली आहेत. एकदा मोठं करून बघाच.

दुसरी पायरी: नावं देवनागरीत लिहून घ्या

नवा वाचक सगळ्यात जास्त गळतो तो इथे. स्पेलिंग बघूनच घाम फुटतो. नियम मात्र थोडेच आहेत. एच हे अक्षर बहुतेक वेळा स्वतः काही बोलत नाही, मागच्या अक्षराला मऊ करतं. बी-एच आणि एम-एच म्हणजे साधारण ‘व’. एस-एच आणि टी-एच म्हणजे ‘ह’. एफ-एच म्हणजे चक्क काही नाही. सी-एच म्हणजे घशातून काढलेला ‘ख’. ई किंवा आय या स्वरांना लागून आलेला एस ‘श’ होतो, म्हणून शॉन आणि शिवॉन. स्वरावरची तिरकी रेघ म्हणजे आपला दीर्घ. जुन्या छापाच्या आयरिश पुस्तकांत एचऐवजी अक्षराच्या डोक्यावर नुसतं टिंब असतं. आपल्याला अनुस्वाराची सवय असल्यानं ते उलट सोपं वाटतं.

प्रत्येक नवं नाव पहिल्यांदा आलं की उच्चार ऐका आणि पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर देवनागरीत टिपा: मेव्ह, कू खुलिन, फिन मॅक कूल, उशीन. इंग्रजी वाचकाला जे जन्मभर छळतं ते आपल्या लिपीत दहा मिनिटांत आटोपतं.

तिसरी पायरी: एका बैलावरून झालेलं युद्ध

आता मोठी कथा घ्या. ‘टॉइन बो कूली’, म्हणजे कूली या भागातली गुरांची लूट. बाराव्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’ या हस्तलिखितात ती सुरू होते राजा-राणीच्या अंथरुणात. राणी मेव्ह आणि तिचा नवरा अलिल रात्री पडल्या पडल्या वाद घालतात: लग्नात जास्त संपत्ती कोणी आणली? नोकर बोलावले जातात. बादल्या, भांडी, दागिने, कपडे, मेंढ्या, घोडे, डुकरं, सगळं समोर आणून मोजतात. बरोबरी होते. फक्त अलिलकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त निघतो. तो जन्मला होता मेव्हच्याच कळपात, पण बाईच्या मालकीचं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून तो राजाच्या कळपात गेला! मग मेव्हला तसाच बैल हवा. तो अल्स्टर प्रांतात कूलीत आहे, तपकिरी. मागून मिळत नाही, म्हणून फौज निघते. अल्स्टरचे पुरुष एका शापामुळे कळा येऊन पडलेले, तेव्हा सगळ्या फौजेला अडवायला उरतो सतरा वर्षांचा कू खुलिन.

भाषांतर कोणतं घ्यायचं? पहिल्या वाचनाला टॉमस किन्सेला (१९६९) किंवा किअरन कार्सन (२००७). दोन्ही विकत घ्यावी लागतील. फुकट हवं असेल तर लेडी ग्रेगरी यांचं १९०२ चं पुस्तक आहे. भाषा गोड, पण बाईंनी नको वाटलं ते बिनदिक्कत गाळलंय, हे लक्षात ठेवून वाचा. मूळ आयरिश आणि शब्दाला शब्द भाषांतर हवं असेल तर कॉर्कच्या विद्यापीठाचा ‘सेल्ट’ हा मोफत ग्रंथसंग्रह उघडा. तिथे सिसिल ओराहिली यांच्या आवृत्त्या आहेत.

मधे मधे गावांच्या नावांची लांबच लांब यादी येते: इथे अमका पडला म्हणून या ओढ्याचं नाव तमकं. पहिल्या वेळी सरळ उड्या मारा. फेरडीआच्या द्वंद्वापाशी मात्र थांबा. कू खुलिन आणि फेरडीआ एकाच गुरूकडे शिकलेले, भावासारखे वाढलेले. मेव्ह फेरडीआला फितवून नदीच्या उतारावर उभा करते. दिवसभर ते एकमेकांना भोसकतात. संध्याकाळी हत्यारं टाकून एकमेकांच्या गळ्यात पडतात. घोडे एका कुंपणात, सारथी एका शेकोटीला. कू खुलिन आपल्या औषधी पाल्यातला अर्धा पलीकडे पाठवतो, फेरडीआ आपल्या जेवणातला वाटा इकडे. दोन रात्री असं चालतं. तिसऱ्या रात्री घोडेही वेगळे आणि शेकोट्याही वेगळ्या. पुढे काय होणार ते एवढ्यावरून कळतं, आणि कळूनही वाचवत नाही.

शेवटचं पान अजिबात चुकवू नका. ‘बुक ऑफ लेन्स्टर’ उतरवणाऱ्यानं कथा संपल्यावर दोन शेरे लिहिलेत. आयरिशमध्ये: जो ही टॉइन जशीच्या तशी पाठ करील त्याला आशीर्वाद. त्याच्याच खाली लॅटिनमध्ये: ही कथा, खरं तर दंतकथा, मी लिहिली खरी, पण यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही सैतानाच्या फसवणुकी, काही कवींच्या कल्पना, काही शक्य, काही अशक्य आणि काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. इतकी पानं हातानं उतरवल्यावर हा माणूस असं म्हणतो! माझ्या मते अख्ख्या मध्ययुगीन आयर्लंडची ओळख या दोन शेऱ्यांत होते.

चौथी पायरी: बखरी

इतिहासाकडे वळायचं तर वर्षवार नोंदींच्या बखरी आहेत. सगळ्यात प्रसिद्ध ‘चार गुरूंची बखर’, १६३२ ते १६३६ या काळात डोनेगलच्या फ्रान्सिस्कन साधूंच्या आश्रयानं तयार झाली. मुख्य लेखक मीहाल ओ क्लेरी. इंग्रजांच्या राज्यात जुनी घराणी मोडत होती, हस्तलिखितं नाहीशी होत होती, म्हणून गावोगाव फिरून मिळेल ते उतरवून घेण्याची ही धडपड. यापेक्षा जुनी आणि जास्त भरवशाची ‘अल्स्टरची बखर’. दोन्ही ‘सेल्ट’वर भाषांतरासह आहेत.

पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला जाऊ नका, झोप लागेल. एक वर्ष निवडा आणि दोन-तीन बखरींत तेच वर्ष शोधा. १०१४ ची क्लॉन्टार्फची लढाई बघा, ज्यात राजा ब्रायन बोरू मारला गेला. चार गुरूंकडे ती १०१३ खाली सापडते. घाबरू नका, जुन्या बखरींत वर्षं अशी मागेपुढे सरकलेली असतात. मग ११०६ उघडा. त्या वर्षी क्लॉनमॅक्नॉइजच्या दगडी चर्चमध्ये लुटारूंनी माइल मुइरे नावाच्या माणसाला मारल्याची त्रोटक नोंद आहे. हाच ‘लेबोर ना हिद्रे’ या हस्तलिखिताच्या लेखकांपैकी एक, आणि टॉइनची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत त्याच हस्तलिखितात आहे. कथा लिहिणारा हात असा दुसऱ्या पुस्तकात ओळीभरात मरून जातो.

‘सेल्ट’वर वावरताना व्हिटली स्टोक्स हे नाव सारखं भेटेल. टिगरनाखच्या बखरीचं संपादन त्यांचं. हे गृहस्थ डब्लिनचे, पण १८६२ ते १८८२ भारतात होते आणि शेवटी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य झाले. नोकरी भारतीय कायद्यांचे मसुदे करण्याची आणि छंद जुन्या आयरिश शब्दांचा.

पाचवी पायरी: एका विधवेचा विलाप

अठराव्या शतकातल्या दोन कवितांशिवाय पुढे जाऊ नका. ब्रायन मेरिमन यांची ‘मध्यरात्रीचं न्यायालय’ ही हजारेक ओळींची थट्टा: बायका पुरुषांवर खटला भरतात, की हे लग्न करत नाहीत आणि केलं तर उपयोगाचे नसतात. फ्रँक ओकॉनर यांच्या इंग्रजी भाषांतरावर १९४६ मध्ये आयर्लंडात बंदी आली. मूळ आयरिश कविता मात्र खुशाल विकत मिळत होती. सरकारला बहुतेक वाटलं असावं, आयरिश वाचतो कोण!

दुसरी, ‘आर्ट ओ लेरीसाठी विलाप’. आर्ट ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन होता. तेव्हाच्या कायद्यानं कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा ठेवता येत नसे. कुणी पाच पौंड पुढे केले की घोडा द्यावा लागे. मॉरिस नावाच्या अधिकाऱ्यानं त्याची घोडी अशी मागितल्याचं सांगतात. आर्टनं नकार दिला आणि १७७३ च्या मे महिन्यात त्याला गोळी घातली. त्याची बायको एव्लीन डुव हिला हे कळलं ते घोडी एकटीच घरी आली तेव्हा, लगाम लोंबणारा, अंगावर रक्त. ती सांगते: पहिली उडी उंबऱ्यापर्यंत, दुसरी फाटकापर्यंत, तिसरी घोडीच्या पाठीवर. प्रेतापाशी पोचल्यावर तिनं रक्त पुसलं नाही, ओंजळीनं प्यायली.

हे तिनं लिहिलं नाही, म्हटलं. मर्तिकाला विलाप म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडून पुढे ते कागदावर आलं. म्हणून वेगवेगळ्या छापील प्रतींत कडवी कमीजास्त आणि मागेपुढे दिसतात. ‘खरी’ प्रत शोधत बसू नका. कविता मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर मूळ आयरिशमधलं ध्वनिमुद्रण आधी ऐका.

सहावी पायरी: ओळखीचे लोक

इथे फार रेंगाळत नाही, कारण मार्गदर्शनाची तुम्हाला फारशी गरज नाही. स्विफ्टचा १७२९ चा ‘मॉडेस्ट प्रपोजल’ हा उपहासलेख अर्ध्या तासात होतो. मरिया एजवर्थ यांची ‘कॅसल रॅकरेंट’ (१८००) छोटी आणि खट्याळ. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ला आपण पुलंच्या ‘ती फुलराणी’मुळे ओळखतो, मूळ वाचताना मंजुळा डोळ्यांसमोरून हटत नाही, तिला हटवायचा प्रयत्नही करू नका. जॉइस वाचायचाच तर ‘डब्लिनर्स’पासून. पंधरा कथा, ‘द डेड’ सर्वांत शेवटी. ‘युलिसिस’ वरच्या फळीवर राहू द्या, ते कुठे पळून जात नाही. हे सगळं गुटेनबर्ग प्रकल्पात मोफत आहे.

येट्सबद्दल एक आडवाट सांगतो. त्याच्या उतारवयातला सोबती श्री पुरोहित स्वामी हा आपला वऱ्हाडी माणूस, जन्म बडनेऱ्याचा. दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९३७ मध्ये निघालं. त्याआधी १९३४ मध्ये स्वामींनी आपल्या गुरूंचं मानससरोवर-कैलासयात्रेचं मराठी पुस्तक इंग्रजीत आणलं, त्याला प्रस्तावना येट्सची. येट्सच्या शेवटच्या कविता अवघड वाटल्या तर या प्रस्तावनेतून शिरून बघा. मला तरी दार तिथे सापडलं.

पुस्तकं मिळवताना

एक ठेच माझी. एकोणिसाव्या शतकातल्या एका भाषांतराची पुनर्मुद्रित प्रत मी ऑनलाइन मागवली. मुखपृष्ठावर हिरवी टेकडी, आत स्कॅन करणाऱ्याचा अंगठा छापलेला, तळटिपा कापलेल्या आणि मधली सोळा पानं दोनदा. भाषांतरकाराचं नाव कुठेच नाही. तेच पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण आणि फुकट होतं. तेव्हा आधी तिथे बघा. भाषांतरकाराचं नाव आणि मूळ साल छापलेलं नसेल ते पुस्तक घेऊच नका. ‘प्राचीन केल्टिक सुविचार’ छापाच्या संग्रहांबद्दल तर बोलायलाच नको.

शेवटची पायरी: जळून उरलेली कागदपत्रं

३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट झाला आणि सरकारी दप्तरखाना जळाला. शतकांची कागदपत्रं राख झाली. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक फॉर्म त्यात गेले. १८६१ ते १८९१ चे तर त्याआधीच सरकारी हुकमानं नष्ट केलेले. म्हणून १९०१ आणि १९११ च्या जनगणनेला एवढी किंमत आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं प्रत्येक घराचा फॉर्म मोफत बघायला ठेवलाय. जळालेल्या दप्तराच्या जगभर सापडलेल्या नकला गोळा करून ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा संग्रह २०२२ मध्ये सुरू झाला. १९३७-३९ मध्ये पाचेक हजार शाळांतल्या मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकून वह्यांत उतरवलेल्या गोष्टी, औषधं, भुताखेतांच्या जागा ‘दूखस’ या संग्रहात आहेत, बाळबोध अक्षरासकट. स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांचे १,७७३ जबाब लष्करी इतिहास विभागानं १९४७ ते १९५७ मध्ये घेतले, तेही वाचता येतात.

साहित्य आणि दप्तर वेगवेगळं वाचू नका. मी करायला सांगतो ते हे: टोमास ओ क्रिहन या आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ब्लास्केट बेटावरच्या कोळ्याचं ‘आयलंडमन’ घ्या. मूळ आयरिश १९२९ चं, रॉबिन फ्लॉवर यांचं भाषांतर १९३४ चं; हो, मांजराच्या कवितेचेच फ्लॉवर. त्यात आपल्या मुलांचं सांगणं काही ओळींत येतं. दहा झाली. एक समुद्रपक्ष्याचं पिल्लू धरायला गेला आणि कड्यावरून पडला. काही गोवर आणि डांग्या खोकल्यानं गेली. एक बुडाला. ना आक्रोश, ना देवाला बोल. पुढच्या परिच्छेदात पुन्हा मासेमारी.

ते पान उघडं ठेवून १९११ च्या जनगणनेत त्याच किनाऱ्यावरचं कुठलंही घर काढा. नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, आयरिश येते का, असे रकाने येतात. मधे त्या वर्षी नव्यानं घातलेले तीन रकाने आहेत, लग्न झालेल्या बाईसाठी: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, हयात किती. शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. एका बैठकीत दहा घरं बघा.